हिरव्या गाडीचा रोटर

१

डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी उचलली आणि उस्तादांचा हात तसाच हवेत राहिला.

आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. इंजिनाबरोबर तो गरगर फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं ठिणगी वाटतो. तो नसेल तर बाकीची गाडी कितीही ठणठणीत असो, जागची हलत नाही. आणि ही गाडी इतकी जुनी होती, की तिचा रोटर कुठल्याही दुकानात मागितला असता तर दुकानदारानं आधी बसायला खुर्ची दिली असती, मग पाणी.

"काल संध्याकाळी गाडी आत घेतल्यावर मी टोपी उघडून पाहिलं होतं," उस्ताद म्हणाले. "तेव्हा होता. म्हणजे... बहुतेक होता."

त्या 'बहुतेक'वर ताईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. हे गॅरेज तिच्या वडिलांचं. उस्ताद त्यांच्या वेळेपासूनचे. वडील गेल्यावर सगळ्यांनी तिला गॅरेज विकून टाकायचा सल्ला दिला, तेव्हा एकटे उस्ताद म्हणाले होते, "तू शटर उघड, पोरी, बाकीचं मी बघतो." त्यांच्या तोंडी 'आहे' असायचं किंवा 'नाही' असायचं. 'बहुतेक' तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

ऑफिसात डॉक्टरबाई डोक्याला रुमाल बांधून, काठी मांडीवर आडवी घेऊन तयार बसल्या होत्या. ही हिरवी, उघड्या टपाची गाडी त्यांची. तरुणपणी याच गाडीतून त्या घाट उतरून खालच्या गावांत बाळंतपणं करायला जात. आता डोळे अधू झाले होते. पुरते जायच्या आत एकदा मागच्या सीटवर बसून तो घाट उतरायचा, एवढीच त्यांची हौस. आजची शेवटची ट्रायल त्याच घाटात, त्यांना घेऊन होती.

त्यांचा पुतण्या मात्र बाहेर गाडीपाशीच उभा होता, आणि त्याचा पारा चढला होता.

"पहिल्या ट्रायलला डायनमो जाम झाला, पट्टा जळाला. दुसऱ्या ट्रायलला गाडी चढावर खोकून खोकून बंद पडली. दोरी लावून आणली, अख्ख्या बाजारानं पाहिलं. आता तर पार्टच गायब! ताई, स्पष्ट बोलतो. तुमचे उस्ताद थकलेत. त्यांना घरी बसवा आणि दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्या. नाहीतर संध्याकाळी मी गाडी उचलून नेतो, आणि का नेली ते चार लोकांना सांगतोही."

वर पत्र्याखालच्या तुळईवर चिमण्यांनी नुसता कलकलाट मांडला होता. त्या गोंगाटात उस्तादांचा आवाज आणखीच खाली गेल्यासारखा वाटला.

"बरोबर बोलतोय तो," ते फडक्याला हात पुसत म्हणाले. "मीच कुठेतरी काढून ठेवला असेन आणि विसरलो असेन. हात चुकले तर माणूस सुधारतो, पोरी. डोकं चुकायला लागलं तर थांबावं. आज संध्याकाळी मला निरोप दे. तुझ्यावर ढकलत नाही, माझा मीच जातो."

ताईनं ऑफिसात जाऊन फोन उचलला.

"आत्या, चोरी झालीये."

"काय गेलं?"

"एक रोटर. आणि तो संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर उस्ताद जातील."

२

आत्या जन्मभर वजन-मापे खात्यात तपासनीस होती. बाजारातले निम्मे दुकानदार तिला पाहून आपसूक तराजूपासून दोन हात लांब उभे राहत. निवृत्त झाली तरी सवय सुटली नव्हती. कुणाच्या लग्नात भांडं भेट आलेलं दिसलं, की हातात तोलून म्हणायची, "पेटीवर लिहिलंय त्यापेक्षा हलकं आहे हो."

ती रिक्षातून उतरली, पर्स काखेत मारली आणि पहिला हुकूम सोडला. "मी सांगेपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही."

मग स्वतः मात्र गाडीभोवती एक फेरी मारली. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून बोट फिरवलं. टोपीच्या दोन क्लिपांपैकी एक फार ताठ होती.

"ही क्लिप जोरात ओढली तर?"

"टोपीचा कान तुटतो," उस्ताद म्हणाले. "आधी टोपी दाबायची, मग क्लिप हळूच बाजूला घ्यायची. नव्या माणसाला जमत नाही."

"तुटलेली तर नाहीये."

"नाही."

"वायरी?"

"जिथल्या तिथे. एकही हललेली नाही."

"म्हणजे चोर जाणकार आहे," आत्या ताईकडे वळून म्हणाली. "आणि हलक्या हाताचा आहे. गाडी बंद पाडायचीच होती तर चार वायरी कापून मोकळा झाला असता. यानं असा एकच तुकडा काढला, की परत बसवला तर काही झालंच नव्हतं असं वाटावं."

ती पुढच्या दिव्यांपाशी गेली. आधी उजव्या, मग डाव्या दिव्याच्या कडेवरून तिनं तर्जनी फिरवली आणि दोन्ही वेळा बोटाकडे पाहिलं. कालच्या ट्रायलची धूळ गाडीवर अजून तशीच होती. बोट एकदा मळलं, एकदा नाही. ताईला वाटलं, आत्या गाडीला कुरवाळतेय. म्हाताऱ्या गाडीला पाहून बऱ्याच जणांचं तसं होतं.

"हिच्यावर चादर तरी घाला," आत्या म्हणाली. "पक्षी घाण करतील."

"आता कुठले पक्षी?" उस्ताद उदास हसले. "पूर्वी या पत्र्याखाली चिमण्या असायच्या. यंदा आल्याच नाहीत. चिमण्या गेल्या, आता आम्हीही निघालो."

 ताई घाईघाईनं चादर आणायला वळली. आत्यानं मात्र मान वर करून तुळईकडे पाहिलं आणि कितीतरी वेळ ती तशीच पाहत राहिली.

३

संशय घ्यायला माणसं तिघंच होती. काल संध्याकाळी ट्रायलवरून गाडी आत आल्यापासून शटर पडेपर्यंत गाडीजवळ तीच होती.

पहिला गादीवाला. गाडीच्या सीटा त्यानं नव्यानं शिवल्या होत्या. आज डॉक्टरबाई त्यावर बसणार म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आला होता.

"उस्तादांनी माझ्याकडून मागची सीट दोनदा उसवून घेतली, हे खरं. सीटखाली बॅटरी आहे ना. म्हणाले, तुझी स्प्रिंग बॅटरीला टेकली तर सीटसकट डॉक्टरबाई पेटतील. राग आला होता मला. पण बरोबर होतं त्यांचं. आणि कान तर काय सांगू! परवा इंजिन चालू होतं, हे पार त्या टोकाला जेवत बसलेले. घास तसाच हातात धरून म्हणाले, तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग ठोकतंय. उघडलं तर खरंच की हो. आम्हाला कुणाला काही ऐकू आलं नव्हतं."

"मग त्यांच्या वाईटावर कोण आहे?"

गादीवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. पण तो वायरमन फ्यूज आणि उस्तादांचं मध्ये जोरात वाजलं होतं. दार लावून. नंतर कितीतरी दिवस उस्ताद त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत."

दुसरा पुतण्या.

"मी कशाला चोरू? मला ट्रायल व्हायलाच हवी होती. काल मी स्वतः पुढे बसून गेलो. त्याआधीच्या, तिसऱ्या खेपेला तो तुमचा वायरमन अँपिअरचा काटा बघायचाय म्हणून पुढे ठाण मांडून बसला होता. मी काल म्हटलं, तू उतर, वायरवाल्याचं ट्रायलला काय काम? गेटपाशीच राहिला तोंड पाडून."

"काल गाडी कशी चालली?"

"चालली म्हणायची. येताना जरा आवाज करत होती. जुनी गाडी, कुरकुरणारच. मी उस्तादांना विचारलंही, हा आवाज कसला? तर म्हणाले, गिअरबॉक्सचा आहे, नवे दाते आहेत, बसतील हळूहळू. मग मीही सोडून दिलं."

"आवाज सारखा येत होता की मधूनमधून?"

"मधूनमधून. वळणावर, सिग्नलला... गेटात शिरतानाही आला."

"हं," आत्या म्हणाली. तिच्या या 'हं'ला बाजारातले भलेभले घाबरत.

तिसरा वायरमन. तिशी ओलांडलेला, शिडशिडीत. चटकन तापायचा म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत. खरं नाव पगार घेतानाच कुणाला आठवलं तर आठवे. आत्यानं त्याला गाडीपाशीच उभं केलं. दोन पावलांवर उस्ताद पाठमोरे बसून एक पट्टी कानशीनं घासत होते.

"तुमचं भांडण कशावरून झालं?"

"आमचं आम्ही बघून घेऊ."

"रोटर तू काढलास?"

"माझ्यावर संशय असेल तर झडती घ्या."

"झडती घेऊन मिळेल अशा जागी तू ठेवशील असं वाटत नाही मला."

फ्यूज काही बोलणार, तेवढ्यात आत्याच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. बारीक, टोकदार आवाजाचं ते घड्याळ दर तासाला असंच वाजायचं. ताई दचकली. पलीकडे गादीवाल्यानं मान वळवली. फ्यूजनं मात्र घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्यानं झटकन उस्तादांच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

उस्ताद पट्टी घासत होते.

"जा तू," आत्या फ्यूजला म्हणाली. तिचा सूर एकदम मऊ झाला होता. ताईला ते मुळीच आवडलं नाही. आत्या माणूस पकडायच्या आधी अशीच मऊ बोलते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

४

"फ्यूजच आहे ना?" ऑफिसात चहा ओतताना ताईनं विचारलं. डॉक्टरबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्यात की ऐकतायत, कळत नव्हतं.

"तुला काय वाटतं?"

"भांडण झालंय. टोपी कशी उघडायची ते त्याला माहीत आहे. आणि उद्धट तर बघ किती. पण उस्तादांना घालवून याला काय मिळणार? हा काम शिकला तो त्यांच्याकडेच. त्याच्या लग्नात त्याच्या वडिलांच्या जागी उभे होते ते."

"चोरीनं कुणाचा फायदा झाला ते सोड," आत्या म्हणाली. "चोरीनं घडलं काय, तेवढं सांग."

"गाडी बंद पडली."

"बंद नाही पडली. निघालीच नाही. पुतण्याला गाडीची नाचक्की हवी असती तर ती रस्त्यावर, लोकांसमोर झालेली त्याला बरी. गादीवाला बिचारा भांग पाडून आलाय, त्याला तर गाडी कधी एकदा निघते असं झालं होतं. गाडी आज घाटात जाऊ नये, असं वाटणारा माणूस कोण? आणि त्याला तसं का वाटावं?"

ताईनं डॉक्टरबाईंसाठी दुसरा कप भरला. बाहेर जेवणाच्या सुट्टीची शांतता होती. उस्ताद हात धुवायला मागे गेले होते.

एवढ्यात शेडमधून पुतण्याची आरोळी आली. "पकडला! ताई, धावा!"

ताई धावली. गाडीचा डावीकडचा पुढचा भाग जॅकवर उचललेला होता. चाकाचे नट निघून जमिनीवर पडले होते. आणि अर्धा गाडीखाली, हातात पाना घेतलेला फ्यूज होता. पुतण्यानं त्याची गचांडी धरली होती.

"बघा! डोळ्यांदेखत बघा! वायरमन माणूस चाक खोलून ब्रेकशी काय करतोय? ब्रेक कापत होता हा! माझी काकू बसणार होती या गाडीत!"

हात धुऊन आलेले उस्ताद दारातच थबकले. "फ्यूज?" ते म्हणाले. "तू?"

फ्यूजनं त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हो," तो म्हणाला. "रोटर मीच काढला. काय करायचंय ते करा."

५

"आधी त्याची कॉलर सोडा," आत्या म्हणाली. ती सावकाश चालत आली होती, डॉक्टरबाईंना हाताला धरून. गादीवाल्यानं दोघींना खुर्च्या दिल्या.

"कबूल केलंय त्यानं!" पुतण्या म्हणाला.

"केलंय. आणि अर्धंच केलंय. फ्यूज, डावा दिवा उघड."

फ्यूजनं चमकून पाहिलं. मग मुकाट्यानं खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, डाव्या दिव्याची कडा सोडवली आणि काच अलगद बाहेर घेतली. आरशासारख्या वाटीमागे स्वच्छ पांढऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ताईनं उलगडलं. रोटर. साधा ओरखडाही नव्हता.

"उजव्या दिव्यावर कालची धूळ आहे, डाव्याची कडा बोटांनी पुसलेली. दिवा उघडतो तो वायरमन," आत्या म्हणाली. "चोरलेली वस्तू यानं गाडीबाहेर नेलीच नाही. गाडीतच ठेवली, धुतलेल्या फडक्यात. हा काही गाडीच्या मुळावर उठलेला माणूस नाही. याला फक्त एक दिवस हवा होता. आता हा ब्रेकचा ड्रम उघडा. यानं जे उघडायला घेतलं होतं तेच आपण उघडू. उस्ताद, तुम्ही काढा."

उस्ताद खाली बसले. ड्रम ओढून काढायला त्यांना कुणाची मदत लागली नाही. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि आतून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच अडला.

आतल्या गुळगुळीत लोखंडावर चकचकीत, ताजे चरे पडले होते. गोल, एकाशेजारी एक. ब्रेकच्या पट्ट्यांवर नवं लायनर, म्हणजे घर्षणाचं अस्तर, लावलं होतं. त्याच्या रिव्हेटींची डोकी पुरती आत बसली नव्हती, आणि ब्रेक दाबला की ती लोखंडावर घासत होती.

"सपाटीवर एवढ्यानं काही होत नाही," आत्या पुतण्याला म्हणाली. "ब्रेक लागतो. पण अख्खा घाट पायानं दाबत उतरायचा म्हटल्यावर ड्रम किती तापला असता, आणि तापल्यावर तुमच्या काकूंना घेऊन गाडी कुठे थांबली असती, ते तुम्हीच सांगा."

पुतण्यानं वाकून ड्रममध्ये पाहिलं. मग म्हणाला, "पण... मग यानं सांगायचं ना सरळ! रोटर लपवायची काय गरज?"

 उस्ताद अजून ड्रमवरून अंगठा फिरवत होते. ताईला त्यांची पद्धत माहीत होती. नवं लायनर लावल्यावर ते मोजपट्टी लावून मोजत बसत नसत. गाडी बाहेर काढायची, ब्रेक दाबायचा आणि ऐकायचं. 'ब्रेक बोलतो,' ते म्हणत. 'नीट बसला नसेल तर स्वतःच सांगतो.' अख्ख्या गॅरेजला त्यांनी हेच शिकवलं होतं.

"हे लोखंडावर लोखंड आहे," उस्ताद हळूच म्हणाले. "हे ओरडलं असणार."

फ्यूज जमिनीवरचे नट गोळा करू लागला.

"अरे, तुला विचारतोय. ओरडत होतं का?"

"गेटात शिरताना ऐकलं," फ्यूज म्हणाला. "कान किटले."

"हे शेजारी बसले होते." उस्तादांनी पुतण्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारलंत मला, आवाज कसला. मी म्हटलं, गिअरबॉक्सचा."

"हो."

"मला गिअरबॉक्सचाच येत होता."

त्यांनी ड्रम जपून खाली ठेवला. झोपलेलं मूल ठेवावं तसा.

आत्यानं खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. तिनं त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलायला सुरुवात केली.

"उस्ताद, बिघडलेला तराजू कधी गिऱ्हाइकाला बुडवतो, कधी दुकानदाराला. पण सगळ्या चुका एकाच बाजूला झुकत असतील, तर त्यांच्यामागे कारणही एकच असतं. तुमच्या चुका मी मांडून पाहिल्या. डायनमोचं बेअरिंग कोरडं पडलं, की जाम होण्याआधी बराच वेळ ते चिरकतं. चढावर इंजिन खोकलं, ते बहुधा जोडातून हवा ओढत असणार. म्हणजे तिथे सुईसारखी बारीक शीळ वाजत असणार. आणि हा ब्रेक. तिन्ही आवाज बारीक. उलट तिसऱ्या सिलिंडरची ठोक तुम्ही जेवताना पकडलीत, गिअरबॉक्सची घरघर पकडलीत. जाड आवाज एकही सुटला नाही. तुमचं डोकं शाबूत आहे. विसरला तुम्ही काहीच नाही. रोटर काल जागेवर होता, आणि तुम्ही तो पाहिलाही होता. गेलंय ते एवढंच, की वरच्या पट्टीतले आवाज आता तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. वय झालं की आधी तेच जातात. त्यात जन्म घालवलात हातोडे आणि इंजिनांत."

"चिमण्या," ताईच्या तोंडून निघून गेलं.

उस्तादांनी वर पाहिलं. तुळईवर दोन चिमण्या चोची उघडून भांडत होत्या. त्यांना त्या आता दिसत होत्या. 

"मला वाटलं, आल्याच नाहीत," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं त्यांना," फ्यूज एकदम फुटला. "म्हटलं, उस्ताद, कान दाखवून घ्या. तर माझ्यावरच खवळले, बोलायचेच बंद झाले. म्हणून मी ट्रायलला बरोबर जायला लागलो. डायनमो आणि बॅटरीमधला कटआउट किर्र करत होता, तो मी गुपचूप बदलला. काल या साहेबांनी मला बसू दिलं नाही. रात्रीतून चाक खोलावं तर शटरची किल्ली ताईंकडे. ताईंना सांगितलं असतं तर त्या उस्तादांना विचारायला गेल्या असत्या. आणि या साहेबांसमोर बोललो असतो, तर हे तर टपलेलेच होते! उस्तादांना बहिरा म्हणत गावभर फिरले असते. त्यापेक्षा मी चोर ठरलो तर काय बिघडलं? मला दुसरीकडे काम मिळेल. त्यांना कोण देणार?"

पुतण्यानं मान खाली घातली. आता त्याच्या शर्टावर फ्यूजच्या कॉलरचं ग्रीस होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

उस्ताद उठले. फ्यूजजवळ जाऊन उभे राहिले. ताईला वाटलं, आता कानाखाली वाजवतात.

"मूर्खा," ते म्हणाले. "चोर म्हणवून घेतलंस." आणि त्याची चुरगळलेली कॉलर त्यांनी दोन्ही हातांनी नीट केली.

मग ते ताईकडे वळले. "तरी मी जायलाच हवं, पोरी. ज्याला ब्रेक ऐकू येत नाही त्यानं लोकांना घाटात नेऊ नये."

"झालं का सगळ्यांचं बोलून?" डॉक्टरबाईंनी काठी आपटली. त्या झोपल्या नव्हत्या, हे आता नक्की झालं. "उस्ताद, मला इथून तुमचा चेहरा दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. म्हणून मी पेशंट सोडले नाहीत. नात शेजारी बसते, रिपोर्ट वाचून दाखवते, निदान मी करते. उद्या माझ्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. यंत्र देईल, ते लावायचं, आणि पुरुषांसारखी त्याची लाज बाळगायची नाही. आणि तू," त्यांनी पुतण्याच्या दिशेनं काठी रोखली, "गाडी माझी आहे. उचलून नेणारा तू कोण? उस्तादांची माफी माग आणि ते चाक उचलायला हात लाव."

पुतण्यानं दोन्ही केलं. माफी जरा तुटक होती. चाक मात्र मनापासून उचललं.

६

लायनर पुन्हा बसवलं ते फ्यूजनं आणि उस्तादांनी मिळून. या खेपेला प्रत्येक रिव्हेट मोजपट्टी लावून तपासली. ताईनं गॅरेजात तसा नियमच केला. उस्ताद कुरकुरले, पण पट्टी पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतली.

ट्रायलच्या दिवशी गाडी एका फटक्यात सुरू झाली. उस्ताद स्टिअरिंगवर, शेजारी फ्यूज. मागे नव्या सीटवर डॉक्टरबाई आणि ताई. उस्तादांच्या कानामागे ते यंत्र होतं. उस्ताद म्हणत, त्यात सगळं डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं, आणि इंजिनाशेजारी तर नुसती खरखर. म्हणून गाडी चालवताना ते बंद ठेवायचं आणि फ्यूजचा हात त्यांच्या खांद्यावर, असं ठरलं होतं. काही बारीक वाजलं, की एक टिचकी. टिचकी बसली की गाडी थांबवायची. वाद नाही, का ते नंतर.

गाडी घाटाला लागली. पहिलं वळण, दुसरं. ब्रेक दाबला जात होता, सुटत होता. फ्यूज मान तिरकी करून ऐकत होता. त्याचा हात खांद्यावर तसाच होता.

"डावीकडे विहीर लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकदा तिथे इंजिन तापलं होतं. पोहऱ्यानं पाणी घातलं आणि गेले. मुलगी झाली होती."

विहीर आली. डॉक्टरबाईंना ती दिसली की नाही, ताईनं विचारलं नाही. त्यांनी हात मात्र बाहेर काढला होता आणि वारा बोटांतून जाऊ दिला होता.

घाट उतरत आला. खालची सपाटी दिसायला लागली, आणि फ्यूजनं टिचकी मारली.

उस्तादांनी गाडी कडेला घेतली. उतारावर ती मुकाट्यानं, जिथे थांबवली तिथेच थांबली. त्यांनी इंजिन बंद केलं. ताईनं पुढच्या सीटची पाठ धरली.

"काय?" उस्तादांनी विचारलं. "ब्रेक?"

"ब्रेक ठणठणीत आहे," फ्यूज म्हणाला. तो थोडा ओशाळला होता. "ते... त्या झाडावर एक पक्षी ओरडत होता. फार सुरेख. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

ताईला वाटलं, आता मात्र याला खरंच बसते. उस्तादांनी कानामागे हात नेला आणि यंत्राचं बटण दाबलं. मान तिरकी केली. अख्खी गाडी गप्प बसून राहिली.

"येतोय का?" फ्यूजनं विचारलं.

"डब्यातून," उस्ताद म्हणाले. थोडा वेळ ते तसेच ऐकत बसले. मग त्यांनी बटण बंद केलं, गाडी सुरू केली आणि फ्यूजचा हात उचलून पुन्हा आपल्या खांद्यावर ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "असं काही वाजलं तर तेही सांगत जा."